‘हॉर्ड’ या शब्दाविषयीं

यंदां नववीच्या वर्गास इतिहासाच्या एका इंग्रजी उताऱ्याचें भाषांतर करावयास दिलें होतें. त्यांत ‘हॉर्ड’ हा शब्द आला. (साठा करणें या अर्थाचा ‘हॉर्ड’ निराळा; उच्चार तोच, अक्षरें भिन्न.) बहुतेकांनीं ‘झुंड’ असें लिहिलें, व मीही गेलीं अठरा वर्षें हाच प्रतिशब्द फळ्यावर लिहीत आलों आहें. परंतु एका मुलानें कोश पाहून विचारलें, “सर, हा शब्द तुर्कीवरून आला असें येथें दिलें आहे. मग तुर्की लोक झुंडीला हेंच म्हणतात काय?”

उत्तर देण्यापूर्वीं मला दोन दिवस ग्रंथ चाळावे लागले.

मूळ शब्द ‘ओर्दू’ अथवा ‘ओर्दा’. अर्थ छावणी, विशेषेंकरून राजाची. पोलिश भाषेंतून तो पुढें इंग्रजींत उतरला. तेराव्या शतकांत चंगीझखानाचा नातू बातू यानें व्होल्गा नदीच्या कांठीं जें राज्य उभारलें, त्यास इंग्रजींत ‘गोल्डन हॉर्ड’ म्हणतात. त्या राज्यास राजधानी होती, नाणें होतें, डाकेची व्यवस्था होती. मग तीस झुंड कसें म्हणावें? आजच्या तुर्की भाषेंत ‘ओर्दू’ म्हणजे सैन्य. निंदेच्या अर्थानें ‘हॉर्ड’ म्हणावयाचें झाल्यास तुर्कांस ‘स्युरू’, म्हणजे कळप, असा निराळाच शब्द योजावा लागतो. दिल्लीच्या बादशाही छावणीची म्हणून जी भाषा ओळखली गेली, ती उर्दू; तिचें नांवही हेंच. घरच्यांनीं शब्दाचा मान राखला. ज्यांस त्या सैन्याची धास्ती होती, त्यांच्या तोंडीं त्याची शिवी झाली.

मराठींत याचा जोडीदार शोधावयास दूर जाणें नको. फारसींतून आलेला ‘लष्कर’ हा शब्द सैन्य व छावणी अशा दोन्ही अर्थांचा आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरीस स्थिरावली, तेव्हां त्या वस्तीचें नांवच लष्कर पडलें. पुण्याचें लष्कर तर सर्वांस ठाऊक आहे.

एका शब्दासाठीं इतका खटाटोप कशास, असें कोणी पालक विचारतील. इंग्रजी अमदानींतील कित्येक लेखकांनीं मराठ्यांच्या फौजेसही ‘हॉर्ड’च म्हटलें आहे. आपल्या माजिवड्याहून जवळच ठाण्याचा किल्ला आहे. तेथें आज कारागृह आहे. तो १७३७ सालीं पोर्तुगीजांपासून मराठ्यांनीं घेतला. घेणारे ते झुंडीचे लोक होते, असें आपल्या मुलानें लिहिलेलें आपणांस रुचेल काय? जें स्वतःविषयीं रुचत नाहीं, तें तुर्कांविषयीं वा मोंगलांविषयीं डोळे मिटून लिहिणें हा न्याय नव्हे. माझें मत असें कीं, लेखकानें तुच्छतेनें लिहिलें असेल तेथें भाषांतरांत ‘झुंड’ अवश्य यावें, कारण तो शब्द त्याचा आहे. मात्र इतिहासाचें उत्तर विद्यार्थी स्वतः लिहितो, तेव्हां त्यानें ‘सैन्य’ लिहावें.

मागल्या वर्षांच्या वह्यांतून मीं केलेल्या दुरुस्त्या आतां पुसतां येत नाहींत. त्या मुलानें भाषांतरांत ‘झुंड’ तसेंच ठेवून समासांत बारीक अक्षरांनीं लिहिलें होतें : “हा लेखकाचा शब्द.” मीं त्यास पूर्ण गुण दिले.