दुष्यंताचे वकील

मूकपटातलं प्रेम किती पवित्र, हो! एक शब्द नाही, नुसते डोळे. असं म्हणणारे विद्वान आमच्या मुरुमलाही येतात, शाल-श्रीफळ घेतात, गहिवरतात आणि सोलापूरची गाडी पकडतात. तुम्ही स्वतः किती मूकपट पाहिलेत, असं विचारलं की पाण्याचा ग्लास शोधायला लागतात.

यांचा लाडका दाखला म्हणजे 'शकुंतला'. 1920 साली सुचेतसिंगांनी हा मूकपट काढला. कण्वांच्या आश्रमातली कन्या म्हणून पडद्यावर कोण? डोरोथी किंगडम! बोलपट असता तर पहिल्याच 'आर्यपुत्रा'ला थेटर कोसळलं असतं. मुकेपणाने अब्रू राखली, ती अशी.

पण माझं भांडण त्या बाईशी नाही. दुष्यंताशी आहे, आणि त्याहून जास्त त्याच्या वकिलांशी. पहिला वकील साक्षात कालिदास. महाभारतातला दुष्यंत सरळ खोटारडा आहे. त्याला सगळं आठवतंय. तरी भर दरबारात, पोरगं समोर उभं असताना, ही कोण बुवा, असं विचारतो. शकुंतलाही गप्प बसत नाही, राजाची बिनपाण्याने करते. मग आकाशवाणी होते आणि साहेब कबूल होतात. म्हणे लोकांचा संशय फिटावा म्हणून तसं बोललो! हा गडी नायक म्हणून खपणार कसा? कालिदासाने दुर्वासाला बोलावलं, विस्मरणाचा शाप देववला, अंगठी पाण्यात पाडून माशाला गिळायला लावली. आरोपी निर्दोष. दोष कुणाचा? दारात आलेल्या ऋषीकडे लक्ष न देणाऱ्या पोरीचा.

अंगठी सापडल्यावरची तऱ्हा तर बघण्यासारखी. पुरावा हाती आलेल्या कोळ्याला शिपाई आधी बांधून बडवतात. इकडे महाराज वसंतोत्सव बंद करतात, म्हणजे सुतक रयतेने पाळायचं. स्वतः काय करतात? बायकोचं चित्र समोर घेऊन रडतात आणि चित्रातल्या भुंग्याला दम देतात! गर्भार बायकोला दारातून हाकललेला हा वीर आता रंगवलेल्या भुंग्यापासून तिचं रक्षण करतोय. शेवटी विदूषकाला सांगावं लागतं की अहो, ते चित्र आहे. त्या अख्ख्या अंकात शुद्धीवर असलेला माणूस तो, आणि त्यालाच आपण विदूषक म्हणतो.

याला आपण पिढ्यानपिढ्या करुणरम्य म्हणत आलो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली त्याला पदं दिली, मूकपटाने ती काढून घेतली. उरलं छाती बडवणं. 1928 साली नरेश मित्रांनी 'देवदास' पडद्यावर आणला. हा दुष्यंताचा बंगाली धाकटा भाऊ. याला दुर्वास भेटला नाही, म्हणून बाटली धरली. पारो लाज सोडून रात्री याच्या खोलीत आली, तेव्हा याला आई-बाप आठवले. मूकपटाच्या नायकाच्या तोंडून शब्द फुटत नाही हे यंत्राचं दुर्दैव. देवदासच्या तोंडून फुटत नाही हा त्याचा पिंडच.

आता उलटा दाखला घ्या. आमचं मुरुम तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादेत धीरेन गांगुली चित्रपट काढायचे, थेटरंही चालवायचे. त्यांनी 'रझिया बेगम' लावला. दिल्लीच्या तख्तावरची बाई आपल्या मर्जीने प्रेम करते, एवढाच गुन्हा. निजाम खवळला आणि गांगुलींना गाशा गुंडाळावा लागला. राजा विसरला तर अजरामर नाटक. राणीने डोकं ठिकाणावर ठेवून प्रेम केलं तर हद्दपारी!

आणि आमचे विद्वान ज्यांवर गहिवरतात, ते मूकपट? देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. धड शिल्लक आहेत ते बोटांवर मोजावेत इतके. नायट्रेटची फीत भसकन पेट घेणारी, सांभाळायला महाग, वर तिच्यात चांदी. काही जळाले, काही कुजले, आणि कित्येक रिळं त्या चांदीसाठी भंगारात गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं 1964 साली, फाळके जाऊन वीस वर्षं झाल्यावर. मग संग्रहालयाचे पी. के. नायर दारोदार रिळं मागत हिंडले. सुचेतसिंगांची शकुंतला काही कुठल्या माशाच्या पोटातून निघाली नाही. रिळं मोडीत घालणाऱ्यांना आणि तेव्हा गप्प बसलेल्यांना नेमका कुठल्या दुर्वासाचा शाप होता, एवढं विद्वानांनी एकदा सांगूनच टाकावं.