सत्कार विमानतळावर नको, मदत ऑक्टोबरात हवी

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर एक फोटो फिरू लागतो. विमानतळाच्या दारात मुलगा उभा, गळ्यात हार, हातात बाबासाहेबांची तसबीर, शेजारी पांढऱ्या साडीतली आई. खाली ओळ असते, ‘समाजाचा अभिमान’. असे हार आम्हीही घातले आहेत आणि पुढेही घालू. पण ज्यांचा फोटो कधीच निघत नाही, त्यांच्याबद्दल आज बोलायचे आहे.

आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी एका मुलीला लंडनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. अनामत भरायची तारीख जूनमध्ये होती. शिष्यवृत्तीची यादी त्यानंतर लागली आणि यादीत तिचे नाव होते. पण तोवर तिची जागा गेली होती. ती गुणांत कमी पडली नव्हती. दोन महिन्यांसाठी काही रक्कम उसनी देणारे कोणी तिच्या ओळखीत नव्हते, एवढेच झाले.

आमचे म्हणणे सरळ आहे. आपली मुले गुणवत्तेवर जितकी अडतात, त्याहून जास्त तारखांवर आणि कागदांवर अडतात. तारखा आणि कागद सांभाळणे हे एकट्या मुलाचे काम मानून चळवळ मोकळी झाली आहे.

बाबासाहेबांचा दाखला आपण उठताबसता देतो, मग तो पुरता देऊ. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि १९१७ मध्ये मुदत संपल्यावर अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा लंडन गाठायला १९२० साल उजाडले. मधल्या काळात सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसा साठवला. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले. एवढ्या अफाट बुद्धीच्या माणसाचीही तीन वर्षे पैशापायी गेली. आणि वाट मोकळी झाली ती कष्टाच्या कमाईला वेळेवर मिळालेल्या मदतीची जोड लाभली म्हणून. भाषणात आपण डिग्र्या मोजतो, ही तीन वर्षे मोजत नाही.

आज परिस्थिती पालटली आहे हे खरे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. जागा ७५, वयाची अट पदव्युत्तरला ३५ आणि पीएचडीला ४०. शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता, विमानभाडे मिळते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वेगळी. पण दोन्हीकडे विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत लागते. शहरातल्या एजंटला विद्यापीठाकडून दलाली मिळते. तो मुलाला जिथे दलाली आहे तिकडे ढकलतो. प्रवेश मिळाल्यावर कळते की हे विद्यापीठ क्रमवारीत बसतच नाही.

केंद्राच्या योजनेत आणखी एक मेख आहे. भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाजावरचे संशोधन या शिष्यवृत्तीतून करता येणार नाही, असे २०२२ च्या नियमावलीत घातले गेले. म्हणजे जातीवर अभ्यास करायचा असेल तर केंद्राचा पैसा मिळणार नाही. समाजशास्त्र शिकलेल्या आमच्यासारख्यांना यातला डाव समजावून सांगायला नको. पण गावाकडच्या मुलाला हे अर्ज लिहिण्याआधी कोणी सांगायचे?

आता कागद पाहा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. कुठे बापाच्या नावात ‘राव’ आहे, कुठे नाही. इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या गुरुजींनी लिहिले तसे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकाची खिडकी वेगळी. शिफारसपत्र मागायला जावे तर तालुक्याच्या कॉलेजातले सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, सही करतो.’ विद्यापीठाला ते पत्र कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून हवे असते, आणि सरांचा तसा ईमेलच नसतो. यातले कोणतेही काम अवघड नाही. पण ज्याच्या घरात हे आधी कोणीच केलेले नाही, त्याला प्रत्येक काम नव्याने शोधावे लागते आणि त्यात वर्ष निघून जाते.

पैशाचेही तसेच. आयईएलटीएसची फी सतरा हजारांच्या पुढे आहे. ब्रिटनच्या व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणी लागते, वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र हातात नसेल तर ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही म्हणतात, ते खरे; पण वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून ठेवावे लागतात. कर्ज काढावे तर साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात. आपली घरे वस्तीत, गायरानात. तारण ठेवायला सातबारा आणायचा कुठून?

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे एसओपी, आपण काय शिकणार आणि का, हे सांगणारा निबंध. आपली मुले त्यात गरिबी लिहितात. आईने धुणीभांडी केली, आम्ही दिव्याखाली शिकलो. ते खरे असते, त्याची लाज नाही. पण निवड समितीला मुलाचा प्रश्न काय आहे ते वाचायचे असते. वस्तीला पाणी दोन दिवसांआड का येते, हा प्रश्न घेऊन नगरनियोजन शिकायला निघालेला मुलगा दोन ओळींत उठून दिसतो. दया मागायची सवय आपल्याला व्यवस्थेने लावली आहे. ती मोडायला शिकवणे हेही चळवळीचेच काम.

यावर काही कार्यकर्ते म्हणतील, ही सरकारची जबाबदारी आहे, आपण का उचलायची? जागा वाढवा, यादी वेळेवर लावा, जाचक अटी काढा, यासाठी लढलेच पाहिजे आणि आम्ही त्या लढ्यात आहोत. पण आंदोलनाचे फळ मिळाले तर पुढच्या वर्षीच्या मुलाला मिळते. यंदाच्या मुलीची तारीख तीस जूनला संपते. दुसरे म्हणतील, ही पोरे जातात आणि तिकडेच राहतात, समाजाला काय देतात? प्रश्न रास्त आहे. पण परतफेड मागणाऱ्याने आधी काहीतरी दिलेले असावे लागते. हार घालून परतफेडीचा हक्क मिळत नाही.

म्हणून आमची सूचना. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहाराविहारांत ग्रंथवाचन चालते. रोज संध्याकाळी माणसे जमतात. तेच तीन महिने तयारीचे आहेत. पुढच्या वर्षी जाऊ इच्छिणाऱ्यांची नावे आषाढीला लिहून घ्या. पहिल्या महिन्यात नाव, स्पेलिंग, पासपोर्ट आणि दाखले. दुसऱ्या महिन्यात विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट आणि परीक्षेची तारीख. तिसऱ्या महिन्यात निबंधाचा मसुदा, आणि तो वाचायला परदेशात शिकून आलेला किंवा तिथे शिकत असलेला आपलाच कोणी माणूस. महिन्याला एक रविवार मोबाइलवर दिला तरी पुरे. बहुतेक परदेशी विद्यापीठांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत भरायचे असतात; तोवर फाइल पुरी झालेली असेल.

सोबत एक फिरता निधी. जयंतीच्या डीजेला किती जातात ते प्रत्येक मंडळाला माहीत आहे. त्यातला चौथा हिस्सा बाजूला काढा. परीक्षेची फी, अर्जाची फी, अनामत यासाठी उसने द्या. शिष्यवृत्ती आली की रक्कम परत येईल आणि पुढच्या मुलाला जाईल. हिशेब विहाराच्या फळ्यावर लिहा, म्हणजे संशयाला जागा राहणार नाही.

१४ ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तनाचे स्मरण करताना यंदा विहारात एक टेबल लावा. त्यावर पुस्तकांशेजारी मुलांच्या फाइली असू द्या. विमानतळावर कोणी गेले नाही तरी चालेल. मुलगा एकटा विमानात बसला तरी एकटा गेला असे होणार नाही.

जय भीम.