जोयड्यात डिजिटल फळा येईल, पण तो बोलणार कोणत्या भाषेत?

जोयडा : शाळेत स्मार्ट क्लास आहे का, हा प्रश्न आता रामनगर-जोयड्यातले पालकही विचारू लागले आहेत. भिंतीवर मोठा टच स्क्रीन, त्यावर बोटाने लिहायचे, व्हिडिओ लावायचा आणि लिहिलेले सगळे साठवून ठेवायचे, असा हा डिजिटल फळा. देणगीदार मिळाला की उद्घाटनाचा फोटो संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर फिरतो. पुढे दोन-तीन वर्षांनी त्या फळ्याचे काय झाले, याचा हिशेब मात्र कोणी विचारत नाही.

हिशेब सरकारी आकड्यांपासूनच करू. 2018-19 च्या अर्थसंकल्पात केंद्राने ब्लॅकबोर्डकडून डिजिटल बोर्डकडे जायची घोषणा केली आणि फेब्रुवारी 2019 मध्ये ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ सुरू झाले. समग्र शिक्षा योजनेत दोन स्मार्ट वर्गांसाठी एकरकमी 2 लाख 40 हजार रुपये आणि पुढे पाच वर्षे दरसाल 38 हजार अशी मर्यादा ठरली. 38 हजार म्हणजे महिन्याला सव्वातीन हजारसुद्धा होत नाहीत. एवढ्यात चालू खर्च भागवायचा. शिवाय ही तरतूद सहावीच्या पुढचे वर्ग असलेल्या शाळांसाठी आहे. जंगलातल्या वाड्यांवरच्या पहिली ते पाचवीच्या शाळा त्यात बसतच नाहीत. त्यांनी देणगीदाराची वाट बघायची, आणि देणगीदार फळा देतो, बॅटरी बदलायला परत येत नाही.

लाईटचे तर विचारूच नका. काळी नदीवरच्या सुपा धरणासाठी जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, विस्थापितांसाठी रामनगर वसले. धरणाच्या पायथ्याशी 100 मेगावॅटचे वीजघर आहे. त्याच तालुक्यात पावसाळ्यात झाड तारेवर पडले की आतल्या वाड्या अंधारात जातात. रेंजची गोष्टही तीच. देशभरात पाहिले तरी 2023-24 च्या यू-डायस अहवालानुसार इंटरनेट असलेल्या शाळा 53.9 टक्केच होत्या. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतली शाळा यातल्या कुठल्या बाजूला असेल, हे सांगायला अहवाल लागत नाही. म्हणून इथे इंटरनेटशिवाय चालणारा फळाच कामाचा. धडे आधीच पेनड्राइव्हवर भरून ठेवलेले हवेत.

पण धडे कोणत्या भाषेतले? खरी अडचण इथे आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. कुणबी मूल घरात कोंकणी बोलते, गवळी मूल मराठीच्या जवळची बोली बोलते, आणि पहिलीत बसले की समोर कन्नड. मराठी माध्यमाच्या शाळांची अडचण वेगळी. त्यांची पुस्तके मराठीत असली तरी ती छापते कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ, अभ्यासक्रम कर्नाटकचा. यूट्यूबवर मराठी धडे शोधले तर सापडतात ते बहुतेक बालभारतीच्या पुस्तकांवरचे. धड्यांची नावे वेगळी, क्रम वेगळा. मास्तरांनी व्हिडिओ लावायचा आणि मग हे आपल्या पुस्तकात नाही म्हणून बंद करायचा. कंपन्यांचे तयार पॅकेज बघावे तर ते इंग्रजी नाहीतर कन्नड. सीमाभागातल्या मोजक्या शाळांसाठी मराठीत वेगळे पॅकेज काढणे कोणत्याच कंपनीला परवडत नाही.

याची उलटी बाजू सोलापूर जिल्ह्यात दिसली होती. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत मुलींची घरची भाषा कन्नड आणि पुस्तके दुसऱ्या भाषेत. शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आधी कन्नड शिकून घेतली, पहिली ते चौथीची पुस्तके मुलांच्या भाषेत आणली आणि त्यांना क्यूआर कोड जोडले. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, 10 लाख डॉलरचे. बातम्यांत क्यूआर कोड गाजला, कन्नड शिकण्याची मेहनत कोपऱ्यात राहिली. क्रम मात्र आधी भाषा, मग यंत्र असाच होता.

फळ्याने निकाल सुधारतो का? लंडनच्या माध्यमिक शाळांत असे फळे मोठ्या प्रमाणावर बसवल्यावर झालेल्या अभ्यासाचा अहवाल 2007 मध्ये आला. पहिल्या वर्षात गुणांवर परिणाम झाल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. आपल्याकडे 1987 च्या ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’च्या नावात फळा होता, पण त्यात प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक हीही अट होती. डिजिटल बोर्डाच्या घोषणेत दुसऱ्या शिक्षकाचा उल्लेख ऐकू येत नाही. एकट्या शिक्षकाने चार-पाच इयत्ता सांभाळायच्या तर फळा एका वर्गाला गुंतवून ठेवतो, तेवढ्या वेळात दुसऱ्या वर्गाला शिकवता येते, एवढा फायदा मान्य करावाच लागेल.

शिक्षकांच्या आपसातल्या कामाला मात्र तो जास्त उपयोगी पडू शकतो. एका शिक्षकाने कोंकणी-मराठी शब्द वापरून बेरजेचा धडा फळ्यावर तयार केला, तर तो साठवून क्लस्टरच्या बैठकीत इतर शाळांना देता येतो. ‘ओपनबोर्ड’सारखे सॉफ्टवेअर फुकट आहे, नेटशिवाय चालते, पाने पीडीएफ करून देते. दुसऱ्याच्या सर्व्हरवर विसंबण्याचा धोका गुगलच्या ‘जॅमबोर्ड’ने दाखवून दिला आहे. ती सेवा 31 डिसेंबर 2024 रोजी बंद झाली.

तेव्हा फळा स्वीकारण्याआधी एसडीएमसीने देणगीदाराला चार गोष्टी लेखी विचारायला हरकत नाही. बॅटरी किती वर्षांची, दुरुस्तीला माणूस कुठून येणार, धडे नेटशिवाय चालतात का, आणि त्यात आपल्या शाळेच्या माध्यमाचे काही आहे का? शाळा सुरू झाल्या की लगेच पाऊस लागतो, त्यामुळे बॅटरीची तपासणी मे महिन्यातच उरकायला हवी.