अंतुलेंची बातमी १९८२ मध्येच का थांबते?

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे नाव वृत्तपत्रात आले की पाठोपाठ ‘सिमेंट घोटाळा’ हे दोन शब्द हमखास येतात. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा तेच झाले आणि महाराष्ट्राच्या माजी मुख्यमंत्र्यांविषयी लिहिताना आजही तेच होते. घोटाळ्याचा आरोप झाला, न्यायालयाने ठपका ठेवला, राजीनामा द्यावा लागला. बातमी एवढ्यावर संपते. जुन्या आरोपाचा उल्लेख करू नका, असे माझे म्हणणे नाही. माझी तक्रार अर्धवट उल्लेखाबद्दल आहे.

आधी जे घडले ते सरळ मान्य करू. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानच्या देणग्यांचे प्रकरण बाहेर काढले. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. बिल्डरांना मिळालेले सिमेंट आणि त्यांनी दिलेल्या देणग्या यांचा संबंध आहे, असा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये काढला आणि अंतुले पायउतार झाले. शौरींची ती बातमी धाडसाची होती. मुख्यमंत्री मुस्लिम होता म्हणूनच प्रश्न विचारले गेले, हे मला पटत नाही.

पण न्या. लेंटिन यांच्यापुढे होती ती रिट याचिका. फौजदारी खटला वेगळा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो विशेष न्यायाधीशांकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोपवला. २९ एप्रिल १९८८ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो आदेश चुकीचा ठरवला. कायद्यानुसार खटला विशेष न्यायाधीशांपुढेच चालायला हवा होता आणि अंतुलेंचे म्हणणे न ऐकता तो हलवल्याने त्यांच्या मूलभूत हक्कांचा भंग झाला, असे न्यायालयाने सांगितले. न्यायालयाच्या चुकीची झळ पक्षकाराला बसू नये, हे तत्त्व त्या निकालात आहे. पुढे १९९१ मध्ये अंतुलेंच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या निकालात घटनापीठाने जलद सुनावणीच्या हक्काची सूत्रे घालून दिली. फौजदारी खटल्यात अंतुलेंना कधीही शिक्षा झाली नाही.

हे सांगायला वृत्तपत्राच्या दोन ओळी पुरतात. त्या दोन ओळी गाळल्या की आरोप हाच वाचकाला निकाल वाटू लागतो.

आता थोडे आपल्या समाजाविषयी. आपल्याकडे याच्या नेमकी उलट गोष्ट सांगितली जाते: सगळे कारस्थान होते, सर्वोच्च न्यायालयाने अंतुलेंना निर्दोष सोडले. हेही खरे नाही. १९८८ चा निकाल खटला कुठे आणि कसा चालावा याबद्दल होता. सिमेंट आणि देणग्यांच्या प्रश्नावर त्याने निर्दोषत्वाचा दाखला दिलेला नाही. वृत्तपत्रे १९८२ ला थांबतात आणि आपण १९८८ पासून सुरुवात करतो. वृत्तपत्रांकडून पूर्ण सत्य मागायचे असेल, तर ते सांगण्याची तयारी आपलीही हवी.

एवढ्या जुन्या प्रकरणात आज काय अडले आहे, असे कोणी विचारेल. अडले आहे ते असे, की ही सवय एका नेत्यापुरती नाही. मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोट प्रकरणात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. अटक गावभर होते, सुटका मात्र घरच्यांनाच ठाऊक असते. अंतुलेंकडे वकिलांची फौज होती, त्यांना पुढे खासदारकी आणि केंद्रात मंत्रिपदही मिळाले. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याच्या नावापुढे लागलेला आरोप कोण पुसणार? जलद सुनावणीच्या त्या सूत्रांची खरी गरज तुरुंगात वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांना आहे.

म्हणून संपादकांकडे माझी मागणी साधी आहे. आरोपाची तारीख छापाल तेव्हा त्यानंतरच्या प्रत्येक निकालाचीही छापा, मग तो निकाल त्या माणसाच्या बाजूचा असो वा विरोधातला, आणि तो माणूस कोणत्याही धर्माचा वा पक्षाचा असो. वाचकांनाही विनंती आहे: अशी अर्धी बातमी दिसली तर चिडून पान उलटू नका. निकालाचे वर्ष आणि न्यायालयाचे नाव देऊन संपादकांना चार ओळींचे पत्र लिहा. आणि बातमी आपल्या माणसाच्या बाजूने अर्धी असेल, तर तेव्हाही लिहा.