भविष्य नसलेला अंक

या दिवाळी अंकात वार्षिक राशिभविष्य नाही. ते शेवटच्या पानांवर असलं की अंक हातोहात जातो, असं वितरक दरवर्षी सांगतात आणि त्यात खोटं काही नाही. यंदा तर भविष्य सांगणाऱ्या एका ॲपची रंगीत, पानभर जाहिरात चालून आली होती. जन्मवेळ टाका, कृत्रिम बुद्धिमत्ता उत्तर देईल! ती जाहिरात आम्ही परत पाठवली. (हिशेब पाहणाऱ्या सहकाऱ्याने दोन दिवस अबोला धरला.)

गंमत अशी, की या ॲपचा निम्मा भाग चोख असतो. अमुक वेळी शनी कुठे होता, हे संगणक अचूक काढतो, कारण ते खगोलगणित आहे. त्या गणिताचं बोट धरून फलित आत शिरतं. दशांशापर्यंत मांडलेली पत्रिका पाहिल्यावर पुढचं लग्न-नोकरीचं भाकीतही तितकंच पक्कं वाटू लागतं.

हे फलित तपासता येतं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी २००८मध्ये पुण्यात ते तपासलं. संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे त्यांच्यासोबत होते. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून पत्रिका तयार केल्या. नावं नाहीत, फक्त सांकेतिक क्रमांक. प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस पत्रिका गेल्या. कोणती कोणत्या गटातली, एवढंच सांगायचं होतं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून ठरवलं असतं तरी निम्मी जुळली असती. सगळ्यांत सरस ठरलेल्याची चाळीसपैकी २४ बरोबर आली. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका मागवून घेतल्या. तिची १०२ बरोबर निघाली.

या प्रयोगाला ना मोठी प्रयोगशाळा लागली, ना उपग्रह. लागली ती शिस्त. उत्तर झाकून ठेवायचं, किती जुळलं म्हणजे खरं मानायचं ते आधी ठरवायचं आणि निघेल तो निकाल छापायचा. आपलं विज्ञानप्रेम मात्र बहुतेकदा यंत्रापाशी थांबतं. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेव्हा घराघरांत टाळ्या वाजल्या, आणि त्या वाजायलाच हव्या होत्या. तीनच दिवस आधी दाभोलकरांच्या खुनाला दहा वर्षं पूर्ण झाली होती. नारळीकरही २० मे २०२५ रोजी गेले.

आता एआय आलं आहे, आणि ते शुद्ध मराठी लिहितं. या यंत्राची घडणच मुळी पुढचा शब्द कोणता शोभेल हे ओळखण्यावर झालेली. शोभणारा शब्द पुष्कळदा खराही असतो. नसतो तेव्हाही वाक्य तितकंच सुबक उतरतं. पत्रिकेतल्या गणिताने जे केलं, तेच इथे व्याकरण करतं. आणि आपण भुलतो.

शेतकरी इतक्या लवकर भुलत नाही, असा आमचा अनुभव आहे. बारामतीकडे उसाला एआयच्या सल्ल्याने पाणी-खत देण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यांचा विषय निघाला की शेतकऱ्याचे प्रश्न ठरलेले: एकरी टनेज किती पडलं? शेजारच्या, नेहमीच्या पद्धतीच्या प्लॉटला किती? पाणी किती वाचलं आणि खर्च किती आला? तुलनेला शेजारचा प्लॉट हवाच, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. तुलनेचा हाच प्रश्न शाळेच्या शिक्षक-पालक सभेत, मुलांच्या हाती एआय देताना, कुणी विचारताना दिसत नाही.

म्हणून एक बेत केला आहे. मराठी माध्यमातल्या दहावीच्या विज्ञान शिक्षकांनी आम्हाला प्रश्न पाठवावेत. काहींची उत्तरं एआयकडून घेऊ, काहींची शिक्षकांकडून. कोणतं उत्तर कुणाचं हे झाकून ती तिसऱ्याच शिक्षकांकडून तपासून घेऊ. उत्तीर्णतेची रेघ आधीच ठरवू आणि फेब्रुवारीच्या अंकात जाहीर करू. निकाल पुढच्या दिवाळीत छापू, तो एआयला नापास करणारा असो की शिक्षकांना.