वासावर खटला, नमुन्यावर सुटका

गांधीजींच्या सेवाग्रामचा आणि विनोबांच्या पवनारचा हा जिल्हा. कित्येक दशकांपासून वर्ध्यात दारूबंदी आहे. दारू मात्र बंद झालेली नाही. पुलगावजवळ वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, देवळीच्या पुढे गेले की यवतमाळ, दुसऱ्या अंगाला नागपूर. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली आणि तीही बाजू मोकळी झाली. पिणारा शेजारच्या जिल्ह्यात जाऊन पितो आणि रात्री स्वतःच गाडी हाकत परत येतो. जी बंदी घर वाचवण्यासाठी आली, तिच्या पळवाटेने रस्त्यावर माणसे मरू लागली, तर दोष बंदीचा की अंमलबजावणीचा?

बंदी उठवा म्हणणाऱ्यांचे उत्तर ठरलेलेच आहे. त्यांना राज्यघटनेचे ४७ वे कलम सोयीने आठवत नाही. पण बंदीच्या समर्थकांनीही एक अप्रिय गोष्ट ऐकून घ्यायला हवी. मद्यपी चालक सुटतो तो बहुधा कायदा सौम्य असल्यामुळे नव्हे, तर त्याला पकडणारे कायदा वाचत नाहीत म्हणून!

मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क ही मर्यादा घातली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्याच गुन्ह्याचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत नेला, सहा महिन्यांची कैद आहेच. त्याच कायद्याचे २०२ वे कलम सांगते की, अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर आरोपीला कोठडीतून सोडावे लागेल. आष्टी-कारंजाकडच्या आडरस्त्यावर मध्यरात्री पकडलेल्या चालकासाठी हे दोन तास कसे जुळवायचे, याचा विचार कुणी केला आहे? दारूबंदीच्या १९५९ च्या नियमांनुसार रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसायची नाही, कुपी मोहोरबंद करायची. यात हयगय झाली की बचावाच्या वकिलाचे निम्मे काम तिथेच होते.

"दारुड्याला कसले आले हक्क?" असा संताप सज्जनांच्या घरात ऐकू येतो. संताप समजण्याजोगा आहे, पण आरोपी म्हणजे अजून दारुडा नव्हे. रक्तातील साखर एकाएकी उतरलेला मधुमेहीही अडखळतो, बरळतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये, मुंबईतल्या एका मोटार अपघाताच्या खटल्यात, तोंडाला येणारा वास पुरेसा पुरावा मानला नाही. रक्त किंवा लघवीची तपासणी हवी, असे स्पष्ट केले. तरीही 'तोंडाचा उग्र दर्प' या दोन-तीन शब्दांवर कागद रंगवण्याची खोड गेलेली नाही. गांजा किंवा गोळ्या घेतलेल्याची गोष्ट तर आणखी अवघड. श्वासयंत्र त्यापुढे मुके आहे आणि कायद्यात त्यासाठी आकडाही नाही.

या ढिलाईचा लाभ कोणाला? २००२ च्या वांद्रे अपघातात सलमान खान यांना सत्र न्यायालयाने २०१५ च्या मे महिन्यात पाच वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबरात उच्च न्यायालयाने निर्दोष मुक्त केले. रक्ताच्या नमुन्याचा पुरावा तिथे टिकला नाही. २०२४ च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्यात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. ज्याच्यासाठी कुपी बदलता येते, त्याला नियमांची भीती नसते. नियम हवेत ते रोजंदारीवर ट्रक चालवणाऱ्याला, ज्याचा परवाना गेला की चूल विझते; आणि त्या पोर्शेने चिरडलेल्यांच्या आईबापांनाही, ज्यांचा खटला त्या एका कुपीवर उभा आहे.

समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. दारूबंदीच्या सभांतून घोषणा पुष्कळ झाल्या. आता कार्यकर्त्यांनी ग्रामीण रुग्णालयात रात्री डॉक्टर हजर असतो का, ठाण्यातले श्वासयंत्र शेवटचे कधी तपासले गेले आणि कुपीवरची मोहोर कोणासमक्ष लागते, हे लेखी विचारावे.