गोंडपिपरीत व्हीनस कशाला?

'मच्छर खाणारं झाड, घरपोच!' अशी एक रील बघून गोंडपिपरीच्या माझ्या मामेभावानं व्हीनस फ्लायट्रॅप मागवलं. जानेवारीत आलं, मे महिन्यात काळं पडलं. "माझा हातगुणच वाईट," तो म्हणाला. हातगुणाचा काय संबंध? त्याला खोटं सांगून झाड विकलं होतं.

हे झाड अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या दलदलीचं. त्याला वर्षातून तीन-चार महिने थंडीत झोप लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. बोअरच्या पाण्यातले क्षार त्याच्या मुळांना सोसत नाहीत, खतही सोसत नाही. आणि डास? सापळ्यातल्या केसांना वीसेक सेकंदांत दोनदा स्पर्श झाला तर तो मिटतो, मग एक शिकार पचवायला आठवडाभर घेतो. रानात त्याला मिळतात मुख्यतः मुंग्या आणि कोळी. तुमच्या खोलीतले डास त्याच्या भरवशावर सोडाल, तर रात्रभर टाळ्याच वाजवाल.

शिवाय हौसेच्या बाजारासाठी ते रानातून इतकं उपटलं गेलं, की उत्तर कॅरोलिनात 2014 पासून त्याची चोरी हा गंभीर गुन्हा आहे. विकणाऱ्याला 'रोप कुठून आलं' हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

माझं खरं भांडण वेगळंच आहे. कीटक खाणाऱ्या वनस्पती आपल्या दारातच आहेत आणि आपण त्यांना कचरा म्हणतो. कासच्या पठारावर 'सीतेची आसवं' बघायला लोक तिकीट काढतात. त्यांचीच भावंडं, म्हणजे युट्रिक्युलारिया, झाडीपट्टीतल्या धानाच्या बांधीत, ओल्या धुऱ्यावर उगवतात. बोडीच्या पाण्यात तरंगणाऱ्या जातीला बारीक फुगे असतात. पाण्यातला जीव फुग्याच्या दाराला लागला, की सेकंदाच्या हजाराव्या भागात आत ओढला जातो. डासांच्या लहान अळ्यासुद्धा. चार्ल्स डार्विननं 1875 साली कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हिचाही अभ्यास आहे. आपण धुऱ्यावर तणनाशक मारतो.

पाळायचीच हौस असेल तर हीच पाळा. पसरट टब, पावसाचं साठवलेलं पाणी, तळाला थोडा वाळका पालापाचोळा, सकाळचं ऊन. खत नको, मासे नकोत. जिथं ती भरपूर आहे अशा बोडीतून विचारून मूठभर आणा. उरलेली दुसऱ्या तळ्यात फेकू नका. दवबिंदू मात्र मुळासकट उपटू नका. त्याची मुळं नाजूक असतात, कुंडीत तो बहुधा मरतो. फोटो काढा, बी पिकलं तर चिमूटभर घ्या.

कुणी म्हणेल, हजारभर रुपयांच्या हौसेवर एवढा संताप कशाला? कारण हौस मेली तर नवी मागवता येते. मामा तलाव गाळानं भरला, बोडी बुजवून प्लॉट पाडले, तर त्यातली ही वनस्पती कुठलंच कुरियर परत आणून देणार नाही. यंदा रोवणी झाल्यावर एकदा गुडघ्यावर बसून धुरा बघा.